जमुनेची हंडी

खुशालरावाच्या घरून हंडीसाठी निरोप आला तेव्हा दुर्गाबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. गडी बोलत राहिला आणि तिचे हात चालूच राहिले. सगळं ऐकून झाल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि सांगितलं की उद्या सकाळी येऊन घेऊन जा. गडी बिचारा शिव्या खायच्या तयारीनं आला होता, त्याला हायसं वाटलं. तो गेल्यावर दुर्गाबाई घरात आली, हंडीसमोर बसली आणि कितीतरी दिवसांनी हसली. ते हसू त्या गड्यानं पाहिलं असतं, तर त्यानं धावत जाऊन मालकाला सांगितलं असतं की ती हंडी घरात आणू नका.

हंडी म्हणजे भाताची नव्हे. छताला टांगून आत दिवा लावतात ती काचेची हंडी. त्या वर्षांत कापूस असा काही चढला होता की वऱ्हाडात माणसं रात्रीतून श्रीमंत होत होती. समुद्रापलीकडे अमेरिकेत कसलीशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता, आणि इकडे अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढत होत्या. ती लढाई कोणाची, कशासाठी, हे इथल्या कोणाच्या बापालाही ठाऊक नव्हतं. पण ती थांबू नये म्हणून लोक देवाला नारळ फोडत होते. घराघरांत दिवाणखाने झाले आणि दिवाणखान्यांत हंड्या-झुंबरं आली. त्यातलीच एक हंडी काठाला टवका उडाला म्हणून कोणा व्यापाऱ्यानं टाकून दिली. दुर्गाबाईचा नवरा भगवंत तेव्हा कापसाच्या गाड्या हाकायचा. तो ती घागरीएवढी हंडी उचलून घरी घेऊन आला. त्याच्या घरात हंडी टांगायला छत कुठलं? त्यानं ती लेकीला, जमुनेला, खेळायला दिली.

जमुनेनं तिचं काय करावं? हंडीचं बूड गोल, म्हणून आधी पाण्याच्या घागरीखाली ठेवतात तशी गवताची चुंबळ केली आणि तिवईवर चुंबळ, चुंबळीवर हंडी अशी बसवली. मग पेढी नदीवरून काळा गाळ आणून बुडाशी बोटभर पसरला. वर धुतलेली वाळू घातली. नदीतलंच हिरवं गवत मुळांसकट आणून त्यात रोवलं आणि वरून हळूहळू पाणी सोडलं. पाणी चिखल झालं. भगवंत म्हणाला, ओतून टाक. पोरीनं ओतलं नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं, तिसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी दुर्गाबाई उठून पाहते तो पाणी नितळ, आणि गवत आत सरळ उभं. त्यानंतर जमुनेनं नखाएवढ्या मासोळ्या आणून सोडल्या. गवताला चिकटून आलेल्या गोगलगायी आपल्या आपणच वाढल्या.

आणि ती हंडी चालली. लोकांना खरं वाटायचं नाही, पण वर्षानुवर्षं चालली. गवत पाणी ताजं ठेवायचं, मासोळ्यांची घाण गवताला खत व्हायची, गोगलगायी काच चाटून साफ करायच्या. पाण्यातले वळवळे किडे हेच मासोळ्यांचं अन्न. पाणी बदलायचं नाही; आटेल तेवढं वरून घालायचं, तेही हाताच्या तळव्यावरून, म्हणजे खालचा गाळ उठत नाही. सकाळचं तिरपं ऊन लागेल अशा जागी ठेवायची आणि मग हात लावायचा नाही. भगवंतानं एकदा मायेपोटी भाकरीचा चुरा आत टाकला होता. दुसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं पांढरं झालं, वास सुटला आणि निम्म्या मासोळ्या उलट्या होऊन तरंगल्या. जमुना जेवली नाही. गवत होतं म्हणून हंडी सावरली, पण दुर्गाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ती ते विसरली नव्हती.

जमुनेची सोयरीक खुशालरावाच्या मुलाशी, जानरावाशी ठरली होती. शेताला शेत लागून, घराला घर लागून. साखरपुडा झाला, साखर गावभर वाटून झाली. मग कापूस आणखी चढला आणि खुशालरावाची नजरही चढली. अंजनगाव सुर्जीच्या एका मोठ्या जमीनदाराची मुलगी सांगून आली, तसं त्याला एकाएकी आठवलं की जमुनेची पत्रिका जुळत नाही. साखर खाताना जुळत होती. गावानं काय केलं म्हणता? गाव ते गावच. खुशालरावात काय खोट आहे हे कोणी विचारलं नाही. पोरीत काय खोट आहे, एवढंच विचारलं. मग खुशालरावच मोठ्या मनानं दुसरं स्थळ घेऊन आला. बाळापूरचा शेषराव, बायको वारलेली, वयानं भगवंतापेक्षा थोडा लहान. माझ्या भरवशाचं घर आहे, असं खुशालरावानं सांगितलं. भगवंत सरळ माणूस, त्यानं भरवसा ठेवला.

जमुना एकदाच माहेरी आली, दिवाळीला. आल्यापासून हंडीपुढे बसून राहिली. दुर्गाबाईनं आडून विचारलं, समोरून विचारलं, रागावूनही विचारलं. शेवटी जमुना काचेकडे बोट करून एवढंच बोलली, "माय, यायले कोनी हात लावत नाई, म्हनून ह्या जगतात." त्यानंतरच्या चैत्रात ती गेली. शेषरावाकडच्या माणसानं सांगितलं, तापानं गेली. तिला शेवटची आंघोळ घालणारी बाई पुढं कौंडण्यपूरच्या जत्रेत दुर्गाबाईला भेटली आणि पाठीवर काय काय होतं ते तिनं सांगितलं. भगवंत लेकीमागून वर्षात गेला. दुर्गाबाई उरली आणि हंडी उरली. हंडीत ती आटेल तेवढं पाणी घालायची. मनातल्या रागाला तेवढंही करावं लागत नव्हतं.

आता खुशालरावाला हंडी का हवी झाली, तर त्यानं नवं माडीचं घर बांधलं होतं. अकोल्याला एका साहेबाच्या बंगल्यात त्यानं काचेच्या पेटीत पाणी, पाण्यात गवत आणि गवतात फिरणाऱ्या मासोळ्या पाहिल्या होत्या. साहेबाकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे हवीच. मुंबईला माणूस धाडला, पण मिळाली नाही. तेव्हा त्याला जमुनेची हंडी आठवली. जमुना आठवली की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. बरोबर दोन गडी आणि धाकटी लेक कौशल्या. ओसरीवर बसून वहिनी, वहिनी करत त्यानं सगळं सांगून टाकलं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी कौशल्येचा साखरपुडा. अकोल्याच्या नत्थुजींचा मुलगा, तिथलं सर्वांत मोठं घर. विहीणबाई गोदाबाई फार देवभोळ्या, उपासतापास करणाऱ्या. त्यांचं मन भरलं पाहिजे. दुर्गाबाई ऐकत होती आणि तिच्या मनात एकेक गोष्ट आपल्या जागी बसत होती. आदल्या दिवशी ती नुसती एवढ्यावर हसली होती की त्या घरात मासोळ्या मरतील आणि चार लोकांत खुशालरावाची फजिती होईल. आता तिला साखरपुडा दिसला. ह्याच्याही पोरीची सोयरीक मोडली पाहिजे, साखर तयार असताना मोडली पाहिजे, आणि गावानं विचारलं पाहिजे की पोरीत काय खोट आहे.

मासोळ्यांना खायला काय घालायचं, असं खुशालरावानं विचारलं. काही नाही, असं तिनं सांगितलं.

"काई नाई कसं?" तो हसला. "माह्या घरात कोनी उपाशी राहत नाई, वहिनी."

दुर्गाबाईनं त्याला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

कौशल्या मात्र हंडीसमोर उकिडवी बसली होती, काचेला नाक लावून, अगदी जमुना बसायची तशी. तिनं एकेक विचारून घेतलं. ऊन किती, पाणी कसं घालायचं, गवत वाढलं तर काय करायचं. दुर्गाबाईनं तिला सगळं खरं सांगितलं. भाकरीच्या चुऱ्याची गोष्ट तेवढी सांगितली नाही. पोर मान डोलावत होती तेव्हा दुर्गाबाईनं नजर दुसरीकडे वळवली. हंडी उचलून नेली तेव्हा तिवईवर नुसती चुंबळ उरली. जमुनेची वस्तू मरायला धाडतेय, हे दुर्गाबाईला कळत होतं. तिनं मनाशी म्हटलं, जमुनेच्या मासोळ्या जमुनेच्या कामी येऊ दे.

अक्षय्य तृतीयेचा दिवस. वैशाखातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं. हंडी दिली म्हणून दुर्गाबाईला बोलावणं होतं, पण विधवा बाई, म्हणून मागच्या दारानं, आणि तेही स्वयंपाकघरात कणीक मळायला. तिला कणीकच हवी होती. दिवाणखान्यात नवं जाजम अंथरलेलं, वर झुंबर, आणि मधोमध चांदीच्या चौरंगावर, नव्या चुंबळीत बसवलेली हंडी. पाहुण्यांची तिच्याभोवती झुंबड उडाली होती. खुशालराव प्रत्येकाला सांगत होता की साहेबाच्या बंगल्यातली ह्यापुढं काहीच नाही.

गोदाबाई हातपाय धुवायला मागच्या अंगणात आल्या. अंगभर सोनं, पण चेहरा साधा, भाबडा. दुर्गाबाईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि सहज बोलावं तसं बोलली की आज आखातीज. कौंडण्यपूरला वर्धेच्या डोहात मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घालायला लोक गाड्या जुंपून जातात. विष्णूचा पहिला अवतार तो. आजच्या दिवसाचं पुण्य म्हणे कधी सरत नाही. तुमचं नशीब, विहीणबाई, इथं डोह घरातच आला. गोदाबाईंचे डोळे चमकले. त्यांनी गोळ्या आहेत का म्हणून विचारलं. दुर्गाबाई म्हणाली, वळून देते.

आणि तिनं वळल्या. हरभऱ्याएवढ्या, गुळगुळीत, ताटभर. इतक्या मनापासून तिनं जमुनेच्या लग्नातले लाडूही वळले नव्हते. ताट न्यायला कौशल्या आली आणि ताट पाहून थबकली.

"काकू, तुमी तं काई घालू नको म्हटलं होतं."

"मोठ्यायच्या पुन्याच्या आड येऊ नये, बाई," दुर्गाबाई म्हणाली.

पोरीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताट उचललं. मोठ्यांपुढं बोलायची रीत त्या घरात पोरींना नव्हती.

दुर्गाबाई दाराच्या फटीतून पाहत होती. गोदाबाईंनी डोळे मिटून पहिली मूठ सोडली. मासोळ्या झेपावल्या आणि सगळे कौतुकानं हसले. विहिणीनं मूठभर घातल्यावर खुशालराव मागं कसा राहील? त्यानं दोन मुठी घातल्या. मग नत्थुजी, मग त्यांचे भाऊ, मग जावा, आत्या, शेजारीपाजारी. पुण्य फुकट मिळत असलं की आपल्याकडे रांग लागतेच. शेवटी एक धिप्पाड माणूस पुढं झाला, सोनेरी काठाचं पागोटं घातलेला. त्यानंही हंडीत मूठ रिकामी केली. तो बाळापूरचा शेषराव होता. कापसाच्या व्यवहारात खुशालरावाचा आता भागीदार. जमुनेनंतर त्यानं आणखी एक बायको केली होती, तीही जगली नव्हती. त्याचा हात जमुनेच्या हंडीवर पाहून दुर्गाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं दार लावून घेतलं.

सकाळ व्हायच्या आत काम झालं होतं. पाणी पेजेसारखं पांढरं, वर साय धरलेली, आणि दिवाणखान्यात असा वास की उदबत्त्या लावूनही दबेना. मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगत होत्या. साखरपुड्यासाठी साखरेची ताटं रचून ठेवली होती, आणि त्यांच्या शेजारीच हे.

तुम्ही म्हणाल, होळीला बोकड खाणारी ही माणसं, ह्यांना चार मासोळ्यांचं काय? खरं आहे. पण बोकड बोकडाच्या दिवशी मारतात. हा दिवस तो नव्हता. ज्या दिवशीचं पुण्य सरत नाही, त्या दिवशीचं पापही सरत नाही, हे भटजींच्या तोंडून बाहेर पडलं मात्र, गोदाबाई मटकन खालीच बसल्या. पहिली मूठ त्यांची होती. त्या रडू लागल्या की मला ह्या घरात पाप घालायला बोलावलं होतं का? ताट कोणी पुढं केलं? खुशालरावानं ऐकून घेतलं असतं तर वाद तिथंच मिटला असता. पण तो कापसावर चढलेला माणूस. त्यानं सुनावलं की ताट आमचं असेल, हात तुमचा होता. नत्थुजींनी पागोटं सावरलं. बायकोला हत्यारी म्हणतोस का, असं विचारलं. त्यावर खुशालराव काही बोलला, त्यावर नत्थुजी बोलले, आणि दोन्हीकडचे आजे-पणजे एकेक करून दिवाणखान्यात आणून उभे केले गेले. शेवटी नत्थुजींनी दमण्यांना बैल जुंपायला सांगितले. ह्या घरची मुलगी नको, म्हणाले.

मागच्या अंगणात विहिरीच्या काठावर बसून दुर्गाबाई सगळं ऐकत होती. तिला आनंद झाला होता. लपवून काय ठेवायचं, खूप आनंद झाला होता. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला पाटा कोणी उचलून बाजूला केला असं तिला वाटलं. जमुने, ऐक, असं ती मनात म्हणत होती. ऐक कसा ओरडतोय.

तेवढ्यात कौशल्या आली. साखरपुड्याचं नवं लुगडं नेसलेली, हातात पितळेचा लोटा. तिनं लोटा दुर्गाबाईपुढं धरला. आत स्वच्छ पाणी, गवताच्या दोन काड्या, आणि दोन मासोळ्या. जिवंत.

"पहाटे वर येऊन तोंड वासत होत्या," ती म्हणाली. "एवढ्याच हाती लागल्या. तुमी घरी घेऊन जा. जमुनाताईच्या हायेत."

दुर्गाबाईनं लोटा घेतला. पोर तिथंच उभी राहिली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाबानं मले बाळापूरले द्याचं ठरवलं. शेषरावाले. मांडव हाये, साखर हाये, पाहुने हायेत, म्हनते, आता रिकामं कायले जाऊ द्याचं. आत्ताच साखरपुडा हाये." ती रडत नव्हती. "काकू, तुमाले ठाऊक असन. कसं हाये ते घर? जमुनाताई काय सांगे?"

दुर्गाबाईच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगतो. होऊ दे, असं आलं. होऊ दे. खुशालरावालाही एखाद्या जत्रेत एखादी बाई भेटू दे आणि पाठीवर काय होतं ते सांगू दे. इतकी वर्षं तिनं देवाकडे नेमकं हेच मागितलं होतं, आणि देवानं मागितल्याहून जास्त दिलं होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. जमुनेनं आपल्या हंडीबद्दल सांगितलं होतं तेच: हात लावायचा नाही.

पण उत्तरासाठी पोर तोंडाकडे पाहत होती. दिवाळीला हेच दुर्गाबाईनं जमुनेला विचारलं होतं आणि पुढचं तिच्या पाठीवर लिहिलं गेलं होतं. आता तोच प्रश्न दुसरी पोर तिला विचारत होती. त्याच्यावर गप्प बसणं म्हणजे हिला आपल्या हातानं बाळापूरला धाडणं होतं. खुशालरावानं जे केलं तेच. तो निदान अजाणता तरी होता, असं म्हणायला जागा होती. तिला तीही जागा नव्हती.

"ताई काईच नाई सांगे," दुर्गाबाई म्हणाली.

कौशल्या मान खाली घालून उभी राहिली. तिला कळायचं ते कळलं होतं. दुर्गाबाईनं एका हातात लोटा घेतला, दुसऱ्या हातानं पोरीचं मनगट धरलं आणि स्वयंपाकघरातून, माजघरातून, दिवाणखान्यातून सरळ समोरच्या अंगणात आली. विधवा बाई अशी पुरुषांच्या मधून आलेली पाहून लोक बाजूला सरकले. गोदाबाई दमणीत चढून बसल्या होत्या. खुशालराव आणि शेषराव ओट्यावर होते.

"विहीनबाई, उतरा," दुर्गाबाई म्हणाली. "पाप तुमचं नाई. गोळ्या म्या वळल्या. पीठ पडलं का पानी नासते न् मासोळ्या मरतात, हे मले ठाऊक होतं. तुमाले म्या मुद्दाम सांगतलं."

गोदाबाई पाहतच राहिल्या. "काहून, बाई? म्या तुयं काय केलं होतं?"

"तुमी काई नाई. ही सोयरीक मोडाची होती मले. माह्या जमुनेची ह्यायनं मोडली होती, साखर वाटल्यावर. मंग त्या शेषरावाले देली, भरवशाचं घर म्हनून. दोन वर्षांत मेली पोरगी. ताप नवता. आंघोळ घालनारीनं पाठ पाह्यली तिची." दुर्गाबाईचा आवाज चढला नव्हता. "आता हे आपल्या पोरीलेबी तिथंच देऊन राह्यले."

सगळ्यांचे डोळे शेषरावाकडे वळले. त्यानं पागोटं नीट केलं. ओट्यावरून उतरून तो आपल्या गाडीकडे चालू लागला. त्याला थांब म्हणायला खुशालरावही उठला नाही.

गोदाबाई दमणीतून उतरल्या. आधी त्यांनी स्वतःपुरतं विचारून घेतलं की म्हणजे आपल्या हातावर काही नाही ना. दुर्गाबाईनं सांगितलं की काही नाही, जे आहे ते माझ्या माथ्यावर, सरो न सरो. मग गोदाबाईंनी खुशालरावाकडे पाहिलं. सोयरीक ठरवताना तुम्ही तर सांगितलं होतं की जानरावाला ठरलेल्या त्या पहिल्या पोरीतच खोट होती, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. खुशालरावानं मान वर केली नाही. त्या भाबड्या बाईनं एवढंच म्हटलं, पण अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या जेवढ्या माणसांसमोर त्याला मिरवायचं होतं, तेवढ्या सगळ्यांसमोर म्हटलं.

नत्थुजींनी बैल सोडायला सांगितले. पोरीचा काही दोष नाही, म्हणाले, साखरपुडा होईल. पण तो इथं अंगणात, ह्याच्या दिवाणखान्यात आम्ही पाय ठेवणार नाही. कडुलिंबाखाली घोंगडी अंथरली गेली आणि साखरेची ताटं बाहेर आणली गेली. कौशल्येच्या हातात गोदाबाईंनी साखर ठेवली तेव्हा पोर पहिल्यांदा रडली. नवं जाजम आणि झुंबर आत रिकाम्या खोलीला शोभा देत बसली.

खुशालराव उठून दुर्गाबाईजवळ आला. हात जोडले. घोगऱ्या आवाजात म्हणाला की वहिनी, तुम्ही माझी पोर वाचवली, झालं गेलं आता मनातून काढा.

"तुमाले सोडलं नाई म्या," दुर्गाबाई म्हणाली. "पोरीले सोडलं."

मग ती दिवाणखान्यात गेली. लोटा खिडकीत ठेवला, चौरंगावरची हंडी दोन्ही हातांनी उचलली आणि ते नासलेलं, घाण मारणारं पाणी, मेलेल्या मासोळ्यांसकट, खुशालरावाच्या नव्या जाजमावर ओतलं. खाली मुळांशी बसलेला गाळ मात्र तिनं हात आत घालून धरून ठेवला. त्यातला कणही सांडू दिला नाही. हंडी कडेवर घेऊन, हातात लोटा धरून, ती समोरच्या दारानं बाहेर पडली. तो गाळ जमुनेनं पेढीवरून आपल्या ओच्यात भरून आणला होता.